तबेल्याच्या दारावर

कॉनेमाराचा वारा खारट.
दगडी कुंपणांच्या फटींतून शिट्ट्या घालत
तो थेट तबेल्यात शिरतो.
आत क्यो उभी. क्यो म्हणजे धुकं,
रंगावरून पडलेलं नाव.
वय एकवीस. पुढचे पाय लांब टाकलेले,
कुणी तापल्या तव्यावर उभं राहावं
आणि तोंडातून ब्र काढू नये, तशी.
वसंतातलं गोड गवत खुरांत उतरलेलं.

डॉक्टर टिअर्नींनी फितीनं तिचा घेर मोजला,
वजनाचा अंदाज घेतला, पुड्या मोजून दिल्या:
सकाळी एक, संध्याकाळी एक, खाण्यात कालवून.
पाणी कायम पुढ्यात. चार दिवसांनी मी येते, मग कमी करू.
मग घोडीच्या पासपोर्टाचं मागचं पान उघडलं,
तिथं म्हाताऱ्या कोलमननं सही करायची:
हे औषध घेतलेलं जनावर
कधी कुणाच्या ताटात जाणार नाही.
एकवीस वर्षांत हा प्रश्न घरात कुणी काढला नव्हता.
त्यानं टोपी काढली, आणि सही केली.

कोलमन पहाटे जायचा तबेल्यात.
नेसा रात्री, मासळीच्या कारखान्यातून आल्यावर.
खालचं शेत विकायचं की नाही, यावरून
बापलेकीत शब्द नव्हता गेल्या नाताळपासून.

तिसऱ्या रात्री क्यो कण्हली.
नेसाला आठवली फडताळातली नळी,
मेलेल्या तांबड्या घोड्याच्या पोटदुखीतून उरलेली.
अर्धी पिळली जिभेवर.
पहाटे कोलमनचाही हात सैल सुटला,
एका पुडीच्या दोन झाल्या.

त्या दुपारी क्यो फाटकापर्यंत दुडकत गेली!
दोघांनी पाहिलं, दोन वेगळ्या खिडक्यांतून,
आणि दोघंही आपापल्या खोलीत हसली.

पाचव्या दिवशी तोंड लावेना गवताला.
शेण पाण्यासारखं, पोटाखाली सूज.
कुणी काय दिलं, डॉक्टरांनी विचारलं,
आणि एका प्रश्नाला दोन उत्तरं आली.

टिअर्नीबाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या,
अशी दोन औषधं एका पोटात गेली
की एकमेकांशी भांडत नाहीत, संगनमत करतात.
एक म्हणतं, तू जठराचं अस्तर खरवड,
मी मूत्रपिंडाकडे बघतं.
आणि परवा ती धावली ना,
ती बरी नव्हती झाली.
तिला कळेनासं झालं होतं, इतकंच.
त्या दुखऱ्या खुरांवर धावली ती.

कोलमनच्या खिशात मेंढ्यांच्या हिशेबाचा खडू असतो.
तो त्यांनी मागून घेतला,
दारावर एक उभी रेघ ओढली,
आणि दोघांच्या मधोमध, कट्ट्यावर, ठेवून दिला.

शनिवार. औषध बंद. पाणी अर्धी बादली.
शनिवार रात्र. बंदच. पाणी एक बादली. खुरांना बर्फ.
रविवार. भिजवलेलं गवत दोन घास.
रविवार रात्र. सहा घास. मोजले.
सोमवार. डॉक्टर येऊन गेल्या. पोटाचं औषध वेगळं, निळी बाटली, त्याच देणार.
मंगळवार. शेण घट्ट.
मंगळवार रात्र. वाळूत आडवी पडून झोपली.
खाली, तिरक्या अक्षरात: तूही झोप.

दोन आठवड्यांनी, डॉक्टरांना विचारूनच,
बुधवार. अर्धी पुडी, सकाळी सात. मी दिली. संध्याकाळी नको.
त्याखाली नेसाचा एकच शब्द: वाचली.
मी हे मराठीत सांगतोय म्हणून
एक अर्थ मला फुकट मिळतो.
नोंद की घोडी, ते तिला कुणी विचारलं नाही.

शेताचं अजून ठरलेलं नाही.
क्यो वळताना उजवा पाय जरा जपून टेकते.
थोडं दुखतंय तिला.
तेवढं राहू दिलंय.